ड्रोन पिशवीतच, पण आभाळ केवढं सापडलं!

आधी फोन काढा! हो, आत्ताच! डिजिटल स्काय नावाचं सरकारचं एक व्यासपीठ आहे, तिथे सगळ्या देशाचा हवाई नकाशा ठेवलाय, तो उघडा आणि आपलं गाव शोधा. आणखी मोठा करा. अजून! दिसले रंग? हिरवा, पिवळा, लाल! हे जमिनीचे रंग नाहीत हो, हे हवेचे रंग आहेत! तुमच्या गच्चीवरच्या हवेचे, दारातल्या आंब्यावरच्या हवेचे, दांडीवर वाळत घातलेल्या गोधडीच्या वरच्या हवेचे! सप्टेंबर २०२१ पासून हा नकाशा सगळ्यांसाठी खुला आहे, आणि मला तो आत्ता सापडलाय, आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला धरून दाखवत सुटले आहे!

मी वैमानिक नाही, अभियंता नाही, वकील तर नाहीच. जे सांगतेय ते वाचून, विचारून आणि डोळे फाडून बघून. पण बघितलंय खरं!

झालं असं. माझं आजोळ भरे. मुळशी तालुक्यातलं. चांदणी चौक सोडला की भूगाव, भुकूम, पिरंगुट, आणि मग घोटवडे फाट्याची ती गर्दी, कंपन्यांचे पत्रे, ट्रकांच्या रांगा, की आलंच. आणि भाताच्या लावणीचे दिवस! चिखलणी झालेली खाचरं, त्यात उभं पाणी, पाण्यात ढग, आणि कडेला हिरव्यागार रोपांच्या मुठी! ते सगळं वरून कसं दिसत असेल या एकाच विचाराने मावसभावाचा ड्रोन मागून घेतला, पिशवीत मऊ टॉवेलात गुंडाळला, आणि मग मांडीवर घेऊन बसले ती थेट मामाच्या अंगणात उतरले. मामा म्हणाला, आधी पोलीस पाटलांना विचारू. विचारलं. ते शांतपणे म्हणाले, “ताई, सध्या ड्रोनला मनाई आहे. आदेश निघालाय.”

संपलं! उडवायचं नाही म्हणजे नाही!

आणि खरी मजा इथेच सुरू झाली. कारण मी विचारलं, मनाई म्हणजे नेमकं काय? कोण करतं? किती दिवस? आणि मग एका प्रश्नातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा, आणि मग रात्री जेवणं झाल्यावर माजघरात फोनभोवती मामा, मामी, वहिनी, आजी आणि मी, सगळे नकाशावर डोकं घालून!

ऐका तर! ड्रोन नियम २०२१. जाहीर झाले २५ ऑगस्ट २०२१ ला. त्याआधी २०१४ च्या ऑक्टोबरात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने खासगी ड्रोन उडवायला सरळ बंदीच केली होती, मग डिसेंबर २०१८ पासून पहिली चौकट आली, मग मार्च २०२१ मध्ये कडक नियम आले आणि पाचच महिन्यांत ते बाजूला सारून हे आत्ताचे, पुष्कळ मोकळे नियम आले. पाच महिन्यांत! आणि जुन्या चौकटीत विमानतळाभोवतीचा पिवळा पट्टा होता तब्बल ४५ किलोमीटरचा, तो नव्यात झाला १२ किलोमीटरचा! पुण्याचा विमानतळ लोहगावला, आणि लोहगाव ते भरे सरळ रेषेत पंचवीस-तीस किलोमीटर. म्हणजे ४५ च्या हिशोबात आमचं भरे आत, १२ च्या हिशोबात बाहेर! भरे जागचं हललं नाही, लोहगाव हललं नाही, रेघ मात्र डोक्यावरून सरकून पार शहराकडे गेली, आणि अंगणात कुणाला पत्ताही नाही!

हे अंतर विमानतळाच्या कुंपणापासून मोजतात. कुंपणापासून! आणि रंग नुसता आडवा नाही, उभाही आहे! हिरव्या भागात जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत हिरवं, त्याच्या वर गेलात की तीच हवा पिवळी! आणि विमानतळाच्या कुंपणापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही हिरवी उंची फक्त २०० फूट! हिरव्यात आगाऊ परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई नियंत्रण कक्षाची लागते, आणि लाल म्हणजे केंद्र सरकारने हो म्हटल्याशिवाय शून्य! लष्करी जागा, महत्त्वाचे प्रकल्प यांचे रंग निराळे, आणि पुण्याच्या आसपास असल्या जागा किती आहेत ते तुम्हाला ठाऊकच आहे. नकाशा बदलतही राहतो. म्हणून कालचा रंग आज चालत नाही! उडवायच्या दिवशी बघायचा!

आता मनाई. तीही नियमात आहे! पोलीस अधीक्षक किंवा त्याच दर्जाचा अधिकारी एखादा भाग तात्पुरता लाल जाहीर करू शकतो, एका वेळी जास्तीत जास्त ९६ तास. शिवाय भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघणारे मनाई आदेश वेगळेच, ते दोन महिन्यांपर्यंत चालू शकतात. म्हणजे नकाशात हिरवं दिसलं तरी गावात मनाई असू शकते! हे नकाशा सांगत नाही, पोलीस पाटील सांगतात. म्हणून दोघांनाही विचारायचं, हे मी आता येता-जाता सगळ्यांना बजावते आहे!

आणि ही मनाई उगाच नाही हो. २०२४ चा पावसाळा आठवा. पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत रात्री आभाळात लुकलुकत फिरणारे ड्रोन दिसल्याच्या बातम्या येत होत्या, चोर टेहळणी करतात अशी भीती पसरली होती, तरणी पोरं काठ्या घेऊन रात्रभर गस्त घालत होती. आपल्या कौलांवर रात्री कुणाचा तरी डोळा फिरतोय, कुणाचा ते कळत नाही, ही भीती खरी होती. आपल्याला वरून खाचरं बघायची हौस असते, पण खाली उभ्या असलेल्या माणसाला आपल्या मनातलं कसं कळणार? मला पोलीस पाटलांचं म्हणणं मनापासून पटलं.

बरं, उडवायचा नाही, पण बघायला कुणाची ना आहे? सकाळी पंखे काढून ठेवले, ड्रोन अंगणात आणला आणि चालू करून नुसता हातात धरला. आणि मग मी तो डावीकडे कलवला. कॅमेरा कललाच नाही! उजवीकडे कलवला. कॅमेरा ढिम्म! पुढे वाकवला, मागे वाकवला, अंग सगळं हलतंय आणि ते एवढंसं भिंग मामाच्या विहिरीकडे एकटक बघतंय! मी ओरडलेच! आजी ओट्यावरून म्हणाली, “अगं, कोंबडीसारखंच की!” आणि मामीने एक तांबडी कोंबडी अलगद उचलून आणली, दोन्ही हातांत धरून पुढे-मागे केली, आणि बघा, बघा, तिचं डोकं हवेत जागच्या जागी! धड झुलतंय, मान लांब-आखूड होतेय, डोळा स्थिर! कोंबडीला तोल कळतो तो कानाच्या आतल्या इवल्याशा यंत्रणेतून, आणि ड्रोनला कळतो कललेपण मोजणाऱ्या संवेदकांतून, आणि मग तीन चिमुकल्या मोटारी कॅमेऱ्याला उलट्या दिशेने तेवढंच वळवतात, इतक्या झटपट की आपल्याला काही झालेलंच दिसत नाही! आम्ही किती वेळ एका हातात ड्रोन आणि शेजारी कोंबडी असं बघत उभे होतो, विचारू नका!

आणि मोटारी! चार मोटारी. मला वाटायचं चारही पंखे एकाच दिशेने फिरत असणार. नाही! दोन घड्याळाच्या काट्यांसारखे आणि दोन उलटे! तिरप्या कोपऱ्यांतले एका दिशेचे, शेजारचे विरुद्ध! सगळे एकाच दिशेने फिरले तर ड्रोन स्वतःच उलटा गरगरत सुटेल. म्हणून दोन जोड्या एकमेकींना सावरतात. आणि आता खरं ऐका: ड्रोनला जागच्या जागी वळवायचं असेल तर ना सुकाणू, ना शेपूट! एक जोडी जरा जोरात, दुसरी जरा हळू, की तो आपोआप वळला! नुसत्या वेगाच्या फरकावर! आणि पात्यांवर खुणा असतात, कुठलं पातं कुठल्या मोटारीवर ते. मी ती चार पाती ओट्यावर मांडून पुन्हा पुन्हा न्याहाळली!

मग होकायंत्र जुळवायचं. फोन म्हणाला, लोखंडापासून लांब जा. अंगणात ट्रॅक्टर, वर स्लॅबच्या सळ्या, गोठ्याला पत्रे! मग आम्ही बांधावर गेलो, ड्रोन आडवा धरून मी स्वतःभोवती एक फेरी मारली, मग तो उभा धरून दुसरी फेरी, आणि बांधापलीकडे लावणी करणाऱ्या बायका हात थांबवून बघताहेत! एकीने विचारलं, हे कशासाठी? मी म्हटलं, त्याला उत्तर दाखवतेय! पृथ्वीचं चुंबकत्व, आपल्या भऱ्याच्या बांधावर, माझ्या हातात!

वजनाचं तर सांगायलाच हवं! वहिनी घरून केक करून विकते, तिच्याकडे ग्रॅमा-ग्रॅमाचा काटा आहे. त्यावर ड्रोन ठेवला, बॅटरी, पाती, सगळ्यासकट. २४९! बरोब्बर २४९! नियमांत २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, मग २५ किलोपर्यंत स्मॉल, आणि ही यादी पार ५०० किलोपर्यंत जाते! बनवणाऱ्यांनी हा २५० चा आकडा नजरेसमोर ठेवून एकेक स्क्रू तोलला असणार! मग मामीने डब्यातून शेंगदाणे आणले आणि आम्ही एकेक दाणा त्याच्या पाठीवर ठेवत गेलो, श्वास रोखून, आणि काटा २५१ झाला! मूठभरही नाहीत, चार दाणे, आणि कायद्यात त्याची जातकुळी बदलली! नॅनोला नमुना प्रमाणपत्र लागत नाही, चालवणाऱ्यालाही प्रमाणपत्र लागत नाही. हौसेखातर उडवायचा असेल तर २ किलोपर्यंतही चालकाला प्रमाणपत्र नको, ही सवलत ऑगस्ट २०२१ च्या नियमांपासूनच. पण सवलत मिळाली म्हणून लाल रंग हिरवा होत नाही, एवढं लक्षात ठेवायचं.

हो, आणि परदेशातल्या भाच्या-पुतण्यांना जरूर कळवा! ९ फेब्रुवारी २०२२ पासून बाहेरून तयार ड्रोन आणायला बंदी आहे, संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेची कामं सोडून. येताना कुणी हौसेने बॅगेत घालून आणू नये. आणि देशातल्या देशात विमानाने जाणार असाल तर त्याच्या बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, सामानात टाकायच्या नाहीत!

पण या सगळ्यावर कडी करणारी गोष्ट मला दुसऱ्या दिवशी कळली. आपल्या पुणे जिल्ह्यातली! पुरंदर तालुक्यातलं सोनोरी. ज्याच्या माथ्यावर सरदार पानशांनी बांधलेला मल्हारगड आहे ना, तेच! तिथल्या गावठाणाची ड्रोनने प्रायोगिक मोजणी झाली होती, स्वामित्व योजना देशभर जाहीर व्हायच्या आधी! आणि मग २४ एप्रिल २०२० ला, राष्ट्रीय पंचायत राज दिनी, ती योजना आली. विचार करा, शेताला सातबारा असतो, बांधाबांधाचा हिशोब असतो, पण गावठाणातल्या घराला? इंग्रजी अमदानीत शेतसारा शेतावर होता, गावठाणावर नव्हता, म्हणून गावठाण मोजलंच नाही! पिढ्यान्‌पिढ्या लोक ज्या घरात राहिले त्याची ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत, नमुना ८ मध्ये नोंद, पण नकाशा नाही!

आणि मोजणी कशी करतात ठाऊक आहे? चुन्याने! आधी गावकरी, ग्रामपंचायत आणि भूमी अभिलेखची माणसं मिळून घराघराभोवती पांढऱ्या चुन्याच्या रेघा मारतात, शेजारी शेजाऱ्यासमोर उभा राहून “इथपर्यंत तुझं, इथून माझं” असं ठरवतो, आणि मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा ड्रोन वरून जातो आणि त्या रेघा टिपतो! चित्र इतकं बारीक की त्यातला एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे ५ सेंटीमीटर! आपल्या तीन बोटांच्या रुंदीएवढा जेमतेम! लग्नाच्या मांडवाबाहेर पसरतो तो चुना, आभाळातून वाचला जातो, आणि त्यातून घराची मिळकत पत्रिका आणि सनद तयार होते! ओळखीच्या एका घरी मी अशी सनद हातात घेऊन पाहिली. त्यावरच्या नकाशात त्यांची पडवीसुद्धा होती! पडवी!

मला आभाळातून खाचरं बघायची होती, आणि ती मी मनाई उठल्यावर, नकाशा बघून, विचारून, बघेनच. पण ज्या यंत्राला मी खेळणं समजून टॉवेलात गुंडाळून आणलं, त्याच जातीच्या यंत्राने कुणाच्या तरी पडवीला पहिल्यांदा कागदावर आणलंय, हे कळल्यापासून माझा पाय जमिनीवर ठरत नाही!

तर आता तुमचं काम. घरी विचारा, गावठाणातल्या घराची सनद आली का? आली असेल तर त्यावरचा नकाशा काढून रेघ न्‌ रेघ घराशी ताडून बघा, काही चुकलं असेल तर भूमी अभिलेख कार्यालयात जाऊन विचारा. आणि तुमच्या गावची मोजणी अजून व्हायची असेल, तर चुना मारायच्या दिवशी पुण्या-मुंबईची कामं बाजूला ठेवा आणि गावी हजर राहा!