डोंगराने धरलेलं, पाण्याने नेलेलं

नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगावच्या उत्तरेला डोंगर उतरत गेलं की नर्मदा लागते. तिच्या पल्याड, गुजरातच्या छोटा उदेपूर जिल्ह्यात अंबाडुंगर आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, दख्खनच्या लाव्ह्याच्या काळात, तिथला ज्वालामुखी जागा होता. त्या उलथापालथीतून उरलेला फ्लोरस्पार आजही तिथल्या खडकात आहे, कुठे जांभळट, कुठे बिनरंगी. फ्लोरस्पार म्हणजे कॅल्शियम आणि फ्लोरीन यांचं संयुग. इतके पावसाळे त्या डोंगरावरून वाहून गेले, पण फ्लोरीनने कॅल्शियमला सोडलं नाही.

नंदुरबारच्या बाजूने उभं राहून मला हॅलोजनांचा धडा नेहमी याच दगडापासून सुरू करावासा वाटतो. आवर्तसारणीतला हा सतरावा गण. फ्लोरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन असे वरून खाली उतरत जा, सगळ्यांच्या बाहेरच्या कक्षेत सात इलेक्ट्रॉन. आठवा मिळाला की घर भरलं. त्या एका इलेक्ट्रॉनसाठी फ्लोरीन कुणाचीही गय करत नाही. अणू लहान, केंद्रक जवळ, म्हणून ओढ जबर. त्याला मोकळं करण्याच्या प्रयत्नांत कित्येक रसायनशास्त्रज्ञ जायबंदी झाले, काहींचे प्राण गेले. 1886 मध्ये आंरी म्वासाँ यांना ते साधलं आणि 1906 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. खाली उतरावं तशा कक्षा वाढतात, केंद्रक लांब पडतं, ओढ सैलावते. म्हणून क्लोरीन ब्रोमीनला त्याच्या क्षारातून बाहेर काढतो आणि ब्रोमीन आयोडीनला.

या रांगेतली मला सर्वांत आवडणारी गोष्ट मात्र वेगळी आहे. दुसऱ्याचा इलेक्ट्रॉन ओढण्याची ताकद जसजशी घटते, तसतसे रेणू आपसात अधिक बिलगू लागतात. फ्लोरीन फिकट पिवळा वायू, क्लोरीन हिरवट पिवळा वायू, ब्रोमीन तांबूस तपकिरी द्रव, आणि आयोडीन करड्या चकाकीचा स्थायू. तापवला की त्याची जांभळी वाफ निघते. 1811 मध्ये फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा यांना समुद्री शेवाळाच्या राखेतून पहिल्यांदा दिसली ती हीच वाफ.

आयोडीन समुद्राकडेच का, याचं उत्तर सातपुड्याच्या उतारावर मिळतं. फ्लोराइडचा आयन लहान, कॅल्शियमला घट्ट चिकटून बसणारा, म्हणून फ्लोरस्पार पाण्यात जेमतेम विरघळतो. आयोडाइडचा आयन ऐसपैस. त्याचे क्षार सैल बांधणीचे, पाण्याने हात लावला की सुटणारे. तोरणमाळच्या पठारावर आणि अक्राणीच्या डोंगरांवर पाऊस कोसळतो, उताराची माती धुऊन निघते आणि तिच्यातलं होतं नव्हतं ते आयोडीन खाली निघतं. गोमाई प्रकाशाजवळ तापीला मिळते, तापी सुरतेला समुद्र गाठते. पलीकडच्या उतारावरचं पाणी नर्मदा नेते. समुद्र थोडं आयोडीन वाऱ्यापावसाबरोबर परत धाडतो, पण नेलेल्याची भरपाई त्यातून होत नाही. अशा मातीत पिकलेल्या ज्वारी-मक्यात ते येणार कुठून?

आणि शरीराला नेमकं तेच हवं असतं. थायरॉक्सिन या संप्रेरकाच्या रेणूत आयोडीनचे चार अणू लागतात, तिथे क्लोरीन किंवा ब्रोमीन चालत नाही. मोठ्या माणसाची गरज दिवसाला 150 मायक्रोग्रॅम, म्हणजे सत्तर वर्षांचं मिळून चार ग्रॅमसुद्धा नाही. एवढंसं कमी पडलं तरी गळ्याशी गलगंड येतो. त्याहून वाईट म्हणजे आईच्या पोटातल्या बाळाच्या मेंदूची वाढ अडते. गलगंड हा हिमालयाच्या पायथ्याचा आजार, अशी बराच काळ समजूत होती. पुढे विंध्य-सातपुड्याच्या रांगांत, नर्मदेच्या खोऱ्यात, भडोच जिल्ह्यात आणि आपल्या औरंगाबादेतही तो आढळला.

भारतात यावरचा उपाय पडताळून पाहिला गेला तो कांगडा खोऱ्यात. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी 1956 पासून तिथे आयोडीनयुक्त मीठ देऊन पाहिलं आणि गलगंडाचं प्रमाण उतरलं. 1962 मध्ये राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. 2006 पासून खाण्याच्या मिठात आयोडीन सक्तीचं आहे. मिठात घालतात ते आयोडाइड नव्हे, पोटॅशियम आयोडेट. दमट हवेत आयोडाइडपेक्षा आयोडेट जास्त टिकतं. घरी पोचेपर्यंत दहा लाख भागांमागे किमान पंधरा भाग उरावेत, असा हिशेब. पावसाळ्यात ओल धरलेलं मीठ किंवा चुलीशेजारी उघडं पडलेलं डबडं या हिशेबात घट आणतं. उघड्यावर विकलं जाणारं, धुऊन वापरायचं खडे मीठ तर मुळातच भरवशाचं नसतं.

आयोडीन मिठातून येतं, तसा गावात क्लोरीन येतो तो टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या रूपाने. चांगल्या पावडरीत तेहतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन मिळतो, पण पोतं उघडं राहिलं की तो उडून जातो. विहिरीत टाकल्यावर हायपोक्लोरस आम्ल तयार होतं आणि जंतूंचा निकाल लावतं. वासाची तक्रार सगळ्या गावांत होते. ती रास्तही आहे, पण झिऱ्याचं पाणी पिणाऱ्या पाड्यावर पावसाळ्यात तो वास यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे. ओटी (ऑर्थोटोलिडीन) टेस्टच्या नळीत पाणी पिवळं झालं की क्लोरीन शिल्लक आहे हे कळतं.

आश्रमशाळेत हा धडा फळ्यावर सात ठिपके काढून संपवू नये, असं मला मनापासून वाटतं. ग्रामपंचायतीची टीसीएल आणि किराणा दुकानाचं मीठ, दोन्ही हाताशी असतात. आशाताईंकडे मीठ तपासायचा संच असतो. त्यातल्या द्रावणात स्टार्च, आयोडाइड आणि आम्ल असतं. मिठावर थेंब पडला की आयोडेट आणि आयोडाइड मिळून मोकळं आयोडीन तयार होतं आणि स्टार्च निळंजांभळं होतं. पोरांनी घरून चिमूटभर मीठ पुडीत आणावं, ओळीने मांडावं, प्रत्येकावर थेंब टाकावा. ज्या पुडीतलं मीठ पांढरंच राहील ते कुठल्या दुकानातून आलं ते वहीत लिहावं, आणि येत्या आठवडी बाजारी मास्तरांनी त्या दुकानदाराशी बोलावं.