बदलापूरचे जांभूळ

गेल्या ज्येष्ठातली गोष्ट. नातीला घेऊन मी बदलापूरला निघालो होतो. पण घरात लग्नकार्य असल्यामुळे वाटेत उल्हासनगरला उतरणे भाग होते. कापड घ्यायचे तर उल्हासनगरलाच, असा आमच्या घरचा दंडक आहे आणि तो मोडण्याची माझी छाती नाही. फाळणीनंतर सिंधमधून सर्वस्व गमावून आलेली माणसे कल्याणजवळच्या लष्करी छावणीत उतरली. 1949 साली त्या छावणीचे उल्हासनगर झाले. जिथे बराकींखेरीज काही नव्हते, तिथे या माणसांनी अशी बाजारपेठ उभी केली, की आज तिथून रिकाम्या हाताने परतणे कठीण!

आम्हीही परतलो नाही. कापडाच्या गाठोड्याबरोबर नातीने फळांच्या गाडीवरून ब्लूबेरीची एक डबी घ्यायला लावली. डबी तळहाताएवढी आणि किंमत मात्र मूठभर नोटांची. गाडीत बसल्यावर तिने दहाबारा फळे तोंडात टाकली आणि जीभ बाहेर काढून विचारले, "आजोबा, निळी झाली?"

जीभ जशीच्या तशी गुलाबी होती. या फळाचा निळेपणा सालीपुरताच, आतला गर पांढुरका. "थांब," मी म्हणालो, "बदलापूर येऊ दे. मग जीभ काढ."

पण त्या डबीतल्या फळाची कथा मला ठाऊक होती, ती तिला सांगितली. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी अमेरिकेत ही झुडपे रानातच वाढत. ती बागेत लावून जगत नाहीत, असा सर्वांचा समज. फ्रेडरिक कोव्हिल नावाच्या सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाने शोधून काढले, की यांना आंबट, आम्लधर्मी जमीन लागते. 1910 साली त्याने ते छापले. न्यू जर्सीतल्या एलिझाबेथ व्हाइट या बाईंनी ते वाचले आणि त्याला आपली जमीन देऊ केली. रानात फिरणाऱ्या माणसांच्या हाती त्यांनी फळांचे माप दिले आणि सांगितले, की एवढ्या मोठ्या फळाचे झुडूप दाखवा, पैसे घेऊन जा. शिवाय ज्याने झुडूप दाखवले, त्याचेच नाव त्याला! रूब लीक नावाच्या माणसाच्या झुडपाचे नाव झाले 'रुबेल'. अशा निवडक झुडपांचे संकर करून नवे वाण तयार झाले आणि 1916 साली लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले.

"म्हणजे आधी कोणीतरी रानात पाहिलं म्हणून?" नातीने विचारले.

"पाहिलं, मोजलं आणि लिहून ठेवलं म्हणून."

एवढ्यात अंबरनाथ आले. इथले शिवमंदिर शिलाहारांच्या काळातले. तिथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इसवी सन 1060, असा काळ कोरलेला आहे. साडेनऊशे वर्षे लोटली, तरी हे देऊळ कधीचे, हे आपण सांगू शकतो, ते त्या चार ओळींच्या जोरावर. झाडाला मात्र कोणी शिलालेख लिहीत नाही. हे मला त्या दिवशी जरा अधिकच लागले. त्याचे कारण घरचे आहे.

बदलापूरला माझ्या मामांचे घर होते आणि परसात एक जांभूळ होते. फळ लांबट, गराने भरलेले, बी अगदी लहान, तुरटपणा नावालाच. सुटीत आम्ही भावंडे झाडाखाली चादर धरून उभे राहायचो. जांभळाची फांदी ठिसूळ, केव्हा दगा देईल सांगता येत नाही. म्हणून वर चढायचा मान फक्त गड्याला. पुढे मामा गेले, जागा विकली गेली, तिथे चार मजली इमारत उठली. झाड तोडण्यापूर्वी बहिणीने मूठभर बिया नेऊन कर्जतला लावल्या. त्यातले एक रोप जगले. दहा वर्षांनी त्याला फळ धरले. आम्ही सगळे कौतुकाने जमलो, आणि तोंडात घातले तर काय! बारीक, तुरट, नुसती बीच! बियांपासून उगवलेले जांभूळ आईच्या वळणावर जाईलच असा भरवसा नसतो. तेच झाड हवे, तर त्याची काडी घेऊन कलमच बांधायला हवे. हे आम्हाला कळले तेव्हा काडी द्यायला झाड उरले नव्हते.

बदलापूर स्टेशनाबाहेर जांभळांच्या टोपल्या घेऊन बायका बसल्या होत्या. एक द्रोण घेतला. नातीची जीभ दोन मिनिटांत जांभळी झाली आणि ब्लूबेरीची डबी पिशवीच्या तळाशी गेली.

ज्यांच्याकडे जायचे होते, ते माझ्या मामांच्या ओळखीचे एक निवृत्त शिक्षक. गावात सगळे त्यांना गुरुजीच म्हणतात. त्यांनी आम्हाला आधी झाड दाखवले नाही. एक वही दाखवली. शेजारच्या प्लॉटवरल्या एका जांभळाची सहा वर्षांची हकिकत तीत होती. मोहोर केव्हा आला, पहिले फळ कधी पिकले, हंगाम किती दिवस चालला. पंचवीस फळांचे एकत्र वजन, फळाची लांबी-रुंदी, गर किती नि बी किती. पानाचा आकार, झाडाचा विस्तार. शेजारच्या दुसऱ्या दोन झाडांची मोजमापेही बाजूला मांडलेली.

"ही दुसरी झाडं कशाला?" नातीने विचारले.

"अगं, वेगळं म्हणायचं तर कोणापेक्षा वेगळं, ते नको का सांगायला?" गुरुजी म्हणाले.

मग त्यांनी समजावून सांगितले. 2001 च्या कायद्याप्रमाणे शेतकऱ्यालाही आपल्या वाणाची नोंदणी करता येते. वाण इतरांहून वेगळा हवा, त्याची सगळी झाडे एकसारखी हवीत, आणि पुन्हा पुन्हा कलमे केली तरी गुण टिकायला हवेत. पालघर जिल्ह्यातल्या बहाडोलीच्या जांभळांतून निवड करून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने 'कोकण बहाडोली' हा वाण दिला, तोही असाच पारखून.

"पण बदलापूरच्या जांभळाला भौगोलिक मानांकन मिळालं ना आता?" मी विचारले.

"मिळालं, आणि आनंदच आहे. पण अहो, मानांकन गावाच्या नावाला राखतं, झाडाला नाही. झाडच उरलं नाही तर नाव कशाला चिकटवायचं?"

मग आम्ही कुंपणाशी गेलो. झाड उंच, डेरेदार, खाली जांभळा सडा पडलेला. त्याच्या बुंध्याशी मोजणीचे खुंट ठोकलेले होते. जागेचा व्यवहार झाला होता. पुढच्या ज्येष्ठात हे झाड तिथे असणार नव्हते. मी काहीच बोललो नाही. गुरुजींनी माझ्याकडे पाहिले आणि घरामागे नेले.

तिथे सावलीत काळ्या पिशव्यांतून रोपे मांडली होती. साध्या जांभळाच्या कोवळ्या खुंटावर त्या झाडाची काडी पाचरीसारखी बसवून पट्टीने घट्ट बांधलेली. किती वाळून गेल्या होत्या! पण अकरा कलमांना तांबूस कोवळी पालवी फुटली होती. बियांच्या झाडाला फळासाठी आठ-दहा वर्षे थांबावे लागते. कलमाला चार-पाच पुरतात. गुरुजींचे वय एक्याऐंशी. त्यांनी हिशेब केलेला दिसत होता, पण बोलून दाखवला नाही.

प्रत्येक कलमाला पत्र्याची चिठ्ठी बांधलेली होती आणि तीवर एका बाईचे नाव होते.

"या कोण?" मी विचारले.

"स्टेशनाबाहेर जांभळं विकायची. मी तिला एकदा विचारलं, कुठलं झाड सगळ्यात चांगलं? ती म्हणाली, ज्या झाडाची टोपली आधी रिकामी होते, ते. तिनंच हे दाखवलं. मी फक्त लिहून काढलं. मग नाव माझं कसं?"

नातीने माझा सदरा ओढला. "आजोबा, रुबेल!" ती कुजबुजली.

ते नाव मी इथे छापत नाही. नोंदणी अजून व्हायची आहे. निघताना गुरुजींनी एक कलम आमच्या हाती दिले आणि बजावले, "चिठ्ठी काढू नका. आणि काय दिसेल ते लिहून ठेवा." परतीच्या गाडीत गर्दी होती. नात कापडाचे गाठोडे पायाशी टाकून कलम छातीशी धरून उभी होती.

आषाढात ते आम्ही कर्जतला बहिणीकडे लावले, त्या तुरट जांभळापासून जरा दूर. नातीने नवी वही केली आहे. पहिल्या पानावर तारीख आहे, उंची आहे आणि पानांची संख्या आहे, नऊ. परवा बहिणीचा निरोप आला, की पाने तेरा झाली. दिवाळीत जाऊ तेव्हा नात ती स्वतः मोजणार आहे.