परत आणून बघितल्याशिवाय

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धनच्या आमच्या घराची कौलं उडाली, वाडीतल्या पोफळी आडव्या झाल्या आणि कपाटातली हार्डडिस्क भिजली. तिच्यात आजीचा आवाज होता. आंबोळ्यांचं प्रमाण सांगताना, मधेच माझ्यावर खेकसताना. वाडी पुन्हा लावता येते. आवाज नाही.

यंदा दोन डिस्कचा नॅस घेतला. दोन्हींवर तेच लिहिलं जातं. एक बिघडली तरी दुसरी चालते. पण चुकून पुसलेली फाइल दोन्हींवरून एकदमच जाते, आणि पाणी शिरलं तर दोन्ही भिजतात. म्हणजे नुसता नॅस हा बॅकअप नव्हेच. म्हणून आणखी एक प्रत पुण्याला ताईकडे ठेवली. तिच्यात पुसलेलंही महिनाभर राहतं.

मग चाचणी. आईचा एक व्हिडिओ फोनमधून आणि नॅसवरूनही मुद्दाम पुसला.

"पुसतोस कशाला रे?" आई घाबरली.

परत आणून बघितल्याशिवाय बॅकअपवर विश्वास ठेवायचा नाही, एवढं मी शिकलो होतो. पुण्याहून फाइल हळूहळू उतरली. व्हिडिओ सुरू झाला, आवाजासकट.

आईने तो दोनदा पाहिला. मग म्हणाली, "बस इथे. आंबोळ्यांचं प्रमाण सांगते. रेकॉर्ड कर."