चढाईचा गुडघा

लालबाग-परळच्या ज्या चाळींत माझे आयुष्य गेले, तेथे पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कबड्डीच्या मातीभोवती माणसे दाटत. आणि खेळाच्या जोरावर गिरणीत नोकरीचा हुकूम मिळवणाऱ्या गड्याकडे आम्ही पोरे ज्या आदराने पाहत असू, तो पुढे कोणा साहेबाच्या वाट्याला आला नाही. त्यांतला एखादा मात्र ऐन हंगामात दिसेनासा होई. विचारले की उत्तर ठरलेले : गुडघा गेला.

माझाही विशीत गेला. चढाईहून परतताना कोपऱ्यातल्या गड्याने घोटा धरला, पाऊल जमिनीला खिळले, धड मध्यरेषेकडे वळले, आतून ‘कट्’ असा आवाज झाला. आणि दिवेलागणीपर्यंत गुडघा नारळाएवढा सुजला. हाडवैद्याने तेल लावून आवळून बांधले, पंधरवड्यात वेदना ओसरली. या दुखापतीचे कपट नेमके येथेच आहे. नडगीला पुढे सरकू न देणारा आतला अस्थिबंध तुटला तरी मनुष्य सरळ वाटेने बिनतक्रार चालतो. वळण घेताच सांधा निसटतो, आणि प्रत्येक निसटण्यागणिक हाडांमधल्या अर्धचंद्राकार गाद्या चिरडत जातात. रक्तपुरवठा त्यांच्या केवळ बाहेरच्या कडेला. आतली चीर आपोआप सांधत नाही.

फाटलेली गादी समूळ काढून टाकण्याचा त्या काळी शिरस्ता होता. ती गेल्यावर सांध्यात कोणते बदल होतात, हे फेअरबँक या इंग्रज शल्यविशारदाने १९४८ मध्येच क्ष-किरण चित्रांवरून दाखवले होते; तरी शिरस्ता मोडायला काही दशके लागली. माझी गादी त्याच दशकांत गेली. आमच्या चाळीतल्या एका नामांकित गड्याचीही गेली. १९८२ च्या संपात गिरणी सुटल्यावर तो बाजारात ओझी उचलू लागला, तेव्हा कठडा धरून आडवा होत एकेक पायरी उतरणारा तो पुरुष पाहून माझ्या पोटात कालवे.

आज दुर्बिणीतून गादी शिवता येते, मांडीमागची कंडरा घेऊन नवा अस्थिबंध घडवता येतो. परंतु ती कंडरा मुरण्यास मुदत लागते. नऊ महिन्यांच्या आत मैदानात उतरणाऱ्यांचा गुडघा पुन्हा जाण्याचा धोका बराच अधिक, हे संशोधनाने दाखवले आहे. २०१४ पासून प्रो कबड्डीत खेळणाऱ्यांच्या दिमतीला वैद्य असतात. मंडळाच्या पोराला फक्त मंडळ असते.

म्हणून मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे : सुजलेला गुडघा घेऊन पोरगा आला, तर त्याला परळच्या के.ई.एम.च्या अस्थिरोग विभागात न्या, आणि डॉक्टरांची परवानगी हाती येईपर्यंत संघाच्या यादीत त्याचे नाव लिहू नका.