हात धरायला भीती कशाची?



काही वर्षांपूर्वी १ डिसेंबरला, जागतिक एड्स दिनी, मी शाळेच्या व्हरांड्यात माहितीचे तक्ते लावले. मुलांची गर्दी झाली. मागे पांढरी काठी घेतलेली एक विद्यार्थिनी उभी होती. तिने विचारले, "सर, सगळे हसताहेत. तक्त्यावर काय आहे?"

"एका आजाराची माहिती आहे, बाळ."

"तो शिवल्याने होतो ना? मला तर सगळं शिवूनच कळतं. उधन्याचा रस्ता ओलांडताना कोणाचाही हात धरावा लागतो."

मी गप्प झालो. उत्तर तक्त्यावर होते, पण ते मी कधी मोठ्याने उच्चारलेच नव्हते.

माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. १९८६ साली दहावीत प्रजननाचा धडा आला, तेव्हा गुरुजी म्हणाले, "यह पाठ घर पर पढ़ लेना।" त्याच वर्षी मद्रासमध्ये डॉ. सुनीती सोलोमन व त्यांच्या विद्यार्थिनी निर्मला यांनी भारतातील पहिले एचआयव्ही रुग्ण शोधले होते. आमचा धडा मात्र घरीच राहिला. पुढे मीही तेच केले, फक्त तक्ते लावून.

दुसऱ्या दिवशी डोळस व दृष्टिहीन मुलांना एकत्र बसवून मी बोललो. एचआयव्ही असुरक्षित शरीरसंबंधातून, बाधित रक्तातून, दूषित सुईतून आणि बाधित आईकडून बाळाला होऊ शकतो. हात धरल्याने, एका डब्यात जेवल्याने किंवा डास चावल्याने होत नाही. औषधे नियमित घेतली तर माणूस दीर्घकाळ चांगले जगतो. सरकारी केंद्रांत ती २००४ पासून मोफत मिळू लागली. २०१७ च्या कायद्यानुसार अशा मुलाला शाळेत भेदभावाची वागणूक देता येत नाही.

दृष्टिहीन मुलांना आणखी दोन गोष्टी सांगितल्या. इंजेक्शन घेताना सुईचे नवे पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा, त्याचा आवाज ऐका. आणि मदतीच्या नावाखाली कोणी नकोसा स्पर्श केला, तर ओरडा आणि घरी सांगा. त्यात तुमचा काहीच दोष नसतो.

तास संपल्यावर वर्गातल्या एका मुलाने तिला विचारले, "चल, फाटकापर्यंत सोडू?" तिने हात पुढे केला.

पालकहो, संकोच वाटला तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारा. विश्वस्तांना विनंती, यंदा तक्त्यांसोबत ब्रेल प्रती व ध्वनिमुद्रणही व्हावे. आणि शिक्षकांनो, तो धडा वर्गातच शिकवू या.

— मुख्याध्यापक