पाण्याचें माप

धान्यास पायली, दुधास शेर आणि कापडास गज अशीं मापें आपल्या पूर्वजांनीं ठरवून ठेविलीं. परंतु वाहत्या पाण्याचें माप कोणत्या भांड्यानें घ्यावें? आमच्या परभणी जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ गणिताचा नव्हे, भाकरीचा आहे. १९७६ सालीं जायकवाडीचें धरण राष्ट्रास अर्पण झालें. त्याच्या डाव्या कालव्यानें गोदावरीचें पाणी आमच्या काळ्या रानांत आलें. पूर्णेचें पाणी येलदरी व सिद्धेश्वर या धरणांनीं अडविलें. पाणी आलें, आणि त्याबरोबर वांटणीचा तंटाही आला. चारीच्या मुखाशीं ऊस डोलतो आणि शेपटाकडील शेतकरी पाळीची वाट पाहत बांधावर बसतो, हें आम्हीं पुष्कळदां पाहिलें आहे. एक म्हणतो, "कमी मिळालें". पाटकरी म्हणतो, "पुरेसें दिलें". आणि साक्ष मात्र कोणाचीच नाहीं.

ही साक्ष देणारें साधन दिसावयास अगदीं साधें आहे. प्रवाहांत एक पत्रा आडवा उभा करून त्यास काटकोनी त्रिकोणाची खांच पाडावयाची. बेलफास्ट येथील जेम्स टॉमसन यांनीं एकोणिसाव्या शतकांत प्रयोग करून अशा खांचेचा नियम बसविला. खांचेच्या तळापासून पाणी १० सेंटिमीटर चढलें, तर दर सेकंदास सुमारें ४.४ लिटर पाणी जातें. २० सेंटिमीटर चढलें, तर सुमारें २५ लिटर. उंची दुप्पट, परंतु पाणी साडेपांच पटींहून अधिक! म्हणूनच १० च्या जागीं ११ वाचले, तर हिशेबांत पावपटीहून अधिक पाणी वाढतें. बोटभर चुकीनें एकाची पाळी बुडते.

यास्तव बांधणाऱ्यानें फार जपावें लागतें. खांचेची कड पातळ असावी. पाणी पलीकडे मोकळें पडावें व धारेखालीं हवा खेळावी. खालचें पाणी खांचेपर्यंत चढल्यास माप फसतें. खांचेजवळ पाण्याची पातळी खालावते, म्हणून मोजपट्टी त्या उंचीच्या निदान चौपट अंतरावर, वरच्या बाजूस बसवावी. आमची काळी माती तर मोठी लहरी! ती पावसाळ्यांत फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते; मग पत्रा कलतो आणि पाणी खालून चोरवाट काढतें. पाया खोल नेऊन पत्रा दोन्ही कांठांत चांगला रोवावा आणि दर हंगामीं पातळी पुन्हा तपासावी. वर गाळ सांचला, तर प्रवाहाचा वेग वाढतो व पट्टी दाखविते त्याहून अधिक पाणी निघून जातें. जेथें उतार थोडा व गाळ फार, तेथें खांचेऐवजीं अरुंद गळ्याची पन्हळ बरी. तींत पातळी थोडी पडली तरी चालतें व गाळ वाहून जातो.

२००५ सालच्या महाराष्ट्राच्या कायद्यानें पाणीवापर संस्थांस घनमापानें पाणी मोजून द्यावें असें ठरविलें. कायदा उत्तम, परंतु पट्टीवरचा चिखल कायदा पुसत नाहीं. तो कोणी तरी हातानें पुसावा लागतो, आंकडा वाचावा लागतो आणि चारचौघांसमक्ष वहींत लिहावा लागतो. हें काम दशांश अपूर्णांक शिकलेल्या कोणत्याही विद्यार्थ्यास साधण्याजोगें आहे. आपल्या शाळासोबत्यांपैकीं ज्यांच्या शेतांवरून चारी जाते, त्यांनीं तें आपलेंच मानावें, अशी आमची विनंति आहे. शेपटाकडील शेतकऱ्यास दयेचें पाणी नको; त्यास मोजलेलें पाणी हवें.