फलटणच्या पेठेत कॉफीचा शोध

लोणंद मागे पडले की नीरा उजव्या कालव्याने भिजलेली उसाची शिवारे दिसू लागतात आणि फलटण जवळ आल्याची खूण पटते. आषाढात याच वाटेने ज्ञानेश्वर माउलींची पालखी येते, फलटणला मुक्काम करते आणि बरडमार्गे पंढरीकडे निघते. त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते. एरवी हे गाव शांत. नाईक-निंबाळकरांच्या संस्थानाची ही राजधानी. शिवछत्रपतींच्या पत्नी सईबाई याच घराण्यातील. मुधोजी मनमोहन राजवाडा, त्याजवळचे श्रीराम मंदिर, हेमाडपंती बांधणीचे जबरेश्वर, महानुभावांची मंदिरे आणि आपली जिनमंदिरे इतके सारे पायी फिरता येण्याजोग्या अंतरात आहे.

डिसेंबरमधील एका रविवारी पुण्यात नोकरी करणारी एक तरुणी आजोबांना भेटायला फलटणला आली. आजोबांनी कापडाच्या दुकानात पन्नास वर्षे काढली. आता दुकान मुलगा पाहतो. नातीला एक छंद आहे. नव्या गावी गेली की आधी गाव पायी फिरायचे आणि तिथली चांगली कॉफी शोधून काढायची. पुण्यात अशी दुकाने गल्लोगल्ली झाली आहेत. कोणत्या मळ्यातील बी, किती भाजलेले, हे तिथे फळ्यावर लिहिलेले असते आणि पेल्याला दोनशे रुपये पडतात. आजोबांना त्या दराचे नेहमी नवल वाटते.

"आजोबा, फलटणात चांगली कॉफी कुठे मिळते?"

"आपल्या घरात," आजोबा म्हणाले. पण काठी घेऊन तेही निघाले.

पेठेचे पेय चहा आहे, हे प्रथम मान्य केले पाहिजे. गिऱ्हाईक गादीवर टेकले की चहा येतो. व्यवहार मोडला तरी चहा झालेला असतो. कॉफी मात्र मराठी घरात पाहुण्यांसाठी, आजाऱ्यासाठी आणि उपवासासाठी राखून ठेवलेली. दुधात शिजवलेली, जायफळ किसून घातलेली. त्यामुळे कॉफीसाठी म्हणून दुकानात जाऊन बसण्याची सवय या गावांना लागली नाही. मुंबईत 1936 मध्ये चर्चगेटला पहिले इंडिया कॉफी हाउस उघडले, तेसुद्धा कॉफी खपावी यासाठी कॉफी सेस कमिटीने चालविलेल्या प्रचाराचा भाग होते. पुढे 1957 पासून कामगारांनी सहकारी संस्था स्थापून ही उपाहारगृहे चालवली.

एस. टी. स्थानकाजवळच्या चहावाल्याने कॉफी दिली ती साखर घोटून, वर फेस आणून. नातीने एक घोट घेतला आणि हसली. राजवाड्यावरून राममंदिराकडे जाताना 'कॅफे' अशी नवी पाटी दिसली, तेव्हा आजोबांची पावले किंचित मंदावली. अलीकडे काही गावांत या शब्दाला पडद्याआडच्या कप्प्यांची अपकीर्ती चिकटली आहे. आत मात्र चार स्वच्छ टेबले होती आणि बारावीची मुले पुस्तके उघडून बसली होती. कॉफी थंड होती, वर आइस्क्रीम होते. आजोबांनी फक्त पाणी मागितले, तेही गाळून घेतलेले आहे का, हे विचारून.

खरी कॉफी सापडली ती हमरस्त्यावरील एका दाक्षिणात्य उपाहारगृहात. पितळी वाटी-पेला, वरून ओतून आणलेला फेस, दाट तपकिरी रंग. आजोबांनी डोळे मिटून घोट घेतला. "याला म्हणतात कॉफी." नातीलाही आवडली, म्हणून तिने गल्ल्यावरच्या मालकांना भुकटी कोणती वापरता, असे सहज विचारले. त्यांनी कौतुकाने पुडाच आणून दाखविला. त्यावर छापलेले होते: कॉफी 60 टक्के, चिकोरी 40 टक्के.

"चिकोरी म्हणजे काय गं?" आजोबांनी विचारले.

ती क्षणभर थांबली. आजोबांचा नियम तिला ठाऊक होता. विशीत मुनिमहाराजांच्या समोर त्यांनी कंदमूळ सोडले, ते आजवर. कांदा, लसूण, बटाटा तर नाहीच. लग्नाच्या पंगतीत भाजीत गाजर असेल तर ते नुसत्या वरणभातावर उठत.

"मूळ आहे, आजोबा. भाजून दळलेले."

आजोबांनी पेला खाली ठेवला. अर्धा भरलेला होता. मालक ओशाळले. "शेठजी, सगळीकडे असेच असते," ते म्हणाले, आणि ते खोटे नव्हते.

चिकोरी, म्हणजे आपल्याकडील कासनी, ही निळ्या फुलांची वनस्पती. तिचे मूळ मुळ्यासारखे जमिनीत सरळ खोल जाते. ते काढून, कापून, वाळवून, भाजून भुकटी करतात. नेपोलियनच्या काळात 1806 नंतर ब्रिटनशी व्यापार बंद झाल्यावर युरोपात कॉफी दुर्मीळ झाली. तेव्हा फ्रान्समध्ये या मुळाचा वापर फार वाढला. तंगी संपली, सवय राहिली. आपल्या देशात गुजरातेत जामनगरकडे आणि उत्तर प्रदेशात एटाकडे तिची शेती होते. कॉफीपेक्षा ती स्वस्त पडते, काढ्याला गडद रंग व दाटपणा आणते आणि थोड्या भुकटीत अधिक पेले निघतात. व्यापाऱ्याला याहून अधिक समजावून सांगण्याची गरज नाही. यात फसवणूकही नाही. मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी असली पाहिजे आणि दोन्हींचे प्रमाण वेष्टनावर छापले पाहिजे, असा नियमच आहे. ते वाचायचे मात्र आपण असते, आणि दारात येणाऱ्या धान्याचा दाणा न् दाणा निवडणाऱ्या घरांतूनही कॉफीच्या डब्याकडे कोणी निरखून पाहत नाही.

दोघे घरी परतली. आजोबा वाटेत फारसे बोलले नाहीत. जिनमंदिरापाशी थांबून त्यांनी बाहेरूनच हात जोडले. धवलादी सिद्धांतग्रंथ काळाच्या ओघात नष्ट होऊ नयेत म्हणून आचार्य शांतिसागर महाराजांच्या प्रेरणेने ते ताम्रपटांवर कोरले गेले, आणि त्या कार्यात फलटणच्या श्रावकांचा मोठा वाटा. अशा गावात नियमाचा शब्द हलका मानला जात नाही.

स्वयंपाकघरातील डब्यावर 30 टक्के लिहिलेले निघाले. तोच डबा वर्षानुवर्षे येत होता. आजींना वाईट वाटले. "नकळत झाले, त्याचा दोष किती धरायचा?" त्या म्हणाल्या. मुलगा दुकानातून आला होता. त्याने सुंठीचा दाखला दिला. ओले आले वर्ज्य, पण सुंठ चालते. हळकुंड चालते. मग वाळवून भाजलेली चिकोरी का नको? प्रश्न बिनतोड नसला तरी पोरकटही नव्हता. अनेक घरांत हेच उत्तर देऊन डबा पुन्हा फळीवर ठेवला जातो. आजोबांनी ऐकून घेतले. "सुंठ औषधाला चिमूटभर लागते. ही मी रोज दोन पेले प्यालो. महाराजांना विचारीन. ते सांगतील तोवर नको." डबा त्यांनी स्वतः उचलून बाजूला ठेवला.

नात पुन्हा पेठेत गेली. किराणा दुकानात दोन बरण्या शेजारी शेजारीच होत्या. एकीवर शुद्ध कॉफी, दुसरीवर मिश्रण. शुद्ध कॉफी बरीच महाग.

या शुद्ध कॉफीचा पुरवठा आज जितका सहज आहे तितका पूर्वी नव्हता. 1942 च्या कायद्यापासून मळेवाल्याने आपला माल कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात द्यायचा आणि बोर्डाने तो लिलावाने विकायचा, अशी पद्धत होती. नव्वदीच्या दशकात ती टप्प्याटप्प्याने सुटली. मग चिकमगळूर, कोडगूचे मळेवाले आपल्या नावाने माल विकू लागले आणि पुण्यातील त्या दोनशे रुपयांच्या पेल्याला फळ्यावर लिहिण्याजोगे काही मिळाले. चिकमगळूरच्या डोंगरात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून रुजवल्या, अशी परंपरा आहे. महाराष्ट्रात कॉफी होते ती चिखलदऱ्याला, तीही थोडी.

हिवाळ्यात फलटणला सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. साडेपाचला नातीने दूध चुलीवर ठेवले, शुद्ध कॉफी घातली, आजींनी जायफळ किसले. आजोबांनी घड्याळाकडे पाहिले आणि पेला घेतला.

"पातळ लागते. आणि कडू."

"चिकोरीचा दाटपणा नाही ना, आजोबा."

"साखर आण मग. ऊस आपल्याच कालव्यावरचा आहे, दूधही गावचेच. त्यांना कोणी मूळ म्हणणार नाही."

आजींनी साखरेचा डबा पुढे सरकवला. बाहेर मंदिरातून आरतीची घंटा ऐकू येऊ लागली, तेव्हा पेला रिकामा होत आला होता.